सोपारा : नावाचा इतिहास

सोपारा : (शूर्पारक, सुप्पारक, सोपारक). महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील एक प्राचीन बंदर व तीर्थक्षेत्र. ते पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात, मुंबईच्या उत्तरेस सु. ५५ किमी. अंतरावर असून सध्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. पश्चिम रेल्वेवरील ‘नालासोपारा’ या स्थानकाच्या नावाने आज ते सर्वपरिचित आहे. दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा नदीची खाडी यांच्या दरम्यानच्या सखल प्रदेशात ते वसले असून एके काळी तेथपर्यंत खाडीचे पाणी पोहोचत असे. अपरान्त म्हणजे उत्तर कोकणाचे हे एक प्रमुख नगर होते. त्याचे नाव संस्कृत, पाली, प्राकृत, ग्रीक, अरबी व लॅटिन या भाषांतील साहित्यात निरनिराळ्या रूपांत आढळते. भारतातील फारच थोड्या स्थळांच्या नावांचा असा अखंड लेखी पुरावा उपलब्ध आहे. त्यामुळे सोपारा या नावाचा इतिहास केवळ व्युत्पत्तीच्या दृष्टीने नव्हे, तर त्या नगराच्या व्यापारी व सांस्कृतिक संबंधांचा आलेख म्हणूनही महत्त्वाचा ठरतो.

संस्कृत साहित्यातील रूप : महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयाच्या वर्णनात शूर्पारकाचा निर्देश आहे. वनपर्वातील तीर्थयात्रेच्या प्रसंगी युधिष्ठिर शूर्पारकास आल्याचे वर्णन येते. शांतिपर्वातील कथेनुसार सर्व पृथ्वी कश्यपाला दान दिल्यावर जामदग्न्य राम म्हणजे परशुराम दक्षिण समुद्राच्या तीरी गेला, तेव्हा सागराने त्याच्यासाठी शूर्पारक नावाचा प्रदेश निर्माण केला. परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी मिळविल्याची जी कथा संपूर्ण किनाऱ्यावर प्रचलित आहे, तिच्या जुन्या रूपांपैकी हे एक होय.

‘शूर्प’ या संस्कृत शब्दाचा अर्थ सूप, म्हणजे धान्य पाखडण्याचे साधन. त्यावरून सुपाच्या आकाराची भूमी ती शूर्पारक, अशी उपपत्ती परंपरेने सांगितली जाते. सोपाऱ्यातील ज्या टेकाडात पुढे बौद्ध स्तूप सापडला, त्याला स्थानिक लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. सुपे, टोपल्या विणणे हा बुरुडांचा परंपरागत व्यवसाय असल्यामुळे या लोकनामाच्या मुळाशीही शूर्प या शब्दाचीच स्मृती असावी, असे मानण्यास जागा आहे. तथापि या लोकव्युत्पत्तीत ‘शूर्प’ या पूर्वपदाचा अर्थ लागला, तरी ‘आरक’ या उत्तरभागाचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

पाली व बौद्ध परंपरा : पाली ग्रंथांत हे नाव ‘सुप्पारक’ असे येते. महावंसातील कथेनुसार सिंहलद्वीपाचा पहिला राजा विजय याचे गलबत लंकेस पोहोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरास लागले होते. उदान या ग्रंथातील बाहिय दारुचीरिय हा तपस्वी याच नगरीच्या परिसरात समुद्रतीरी राहत होता. दिव्यावदानातील पूर्णावदानात शूर्पारक नगरास अठरा दरवाजे असल्याचे वर्णन असून, तेथील पूर्ण नावाचा व्यापारी भिक्षू झाला आणि त्याच्या विनंतीवरून स्वतः बुद्ध या नगरीत आले, अशी कथा आहे. या कथांचे ऐतिहासिक मूल्य मर्यादित असले, तरी समुद्रयात्रा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नगर अशी सोपाऱ्याची ख्याती त्यांतून स्पष्ट होते.

सुप्पारक जातकाची कथा नावाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. तिच्यात सुप्पारक हे नगराचे नव्हे, तर भरुकच्छ (भडोच) येथील एका वृद्ध व अंध नाविकाचे नाव आहे. याच कथेचे संस्कृत रूपांतर करताना आर्यशूराने आपल्या जातकमालेत नाविकाचे नाव ‘सुपारग’ असे दिले आहे. सुखरूपपणे पैलतीरी जाणारा वा नेणारा तो सुपारग, असा त्याचा अर्थ असून, तो ज्या पत्तनात राहत असे त्यालाही सुपारग हेच नाव पडले व तेच सध्या शूर्पारक म्हणून ओळखले जाते, असे आर्यशूर सांगतो. शूर्प शब्दाशी ज्याचा काहीही संबंध नाही असा, याच नावाचा हा दुसरा अर्थ होय. एकाच नावाची ब्राह्मणी परंपरेत सुपाशी आणि बौद्ध परंपरेत नौकानयनाशी सांगड घातली गेली. तीर्थ म्हणून ज्यांना हे स्थळ प्रिय होते त्यांनी एक आणि बंदर म्हणून ज्यांना ते परिचित होते त्यांनी दुसरा अर्थ त्यात पाहिला, असे दिसते.

कोरीव लेखांतील रूपे : ग्रंथांच्या प्रती पुनःपुन्हा लिहिल्या जात असल्यामुळे त्यांतील नावांची रूपे बदलण्याचा संभव असतो. शिलालेखातील रूप मात्र ज्या काळी कोरले गेले त्या काळचेच राहते. या दृष्टीने पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांचे लेख महत्त्वाचे आहेत. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावरील लेखात सोपारक येथील सातिमित नावाच्या धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षूच्या दानाचा उल्लेख आहे. नाणेघाटातील एका पोढीवर म्हणजे पाण्याच्या टाक्यावर, ती सोपाऱ्याच्या गोविंददास याची देणगी असल्याचे कोरलेले आहे. सोपाऱ्याचा माल कल्याणमार्गे घाट चढून जुन्नर व पैठणकडे जात असे. त्या वाटेवर सोपारकराने पाण्याची सोय करावी, हे स्वाभाविकच होते. कान्हेरीच्या लेखांतही हे नाव येते. त्यांतील ‘सोपारकाहार’ या उल्लेखावरून आसपासचा प्रशासकीय विभागही याच नगराच्या नावाने ओळखला जात होता, असे दिसून येते.

नासिक येथील लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा प्रसिद्ध लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या ठिकाणी आपण धर्मशाळा बांधल्याचे तो त्यात सांगतो. ‘शोर्पारगातील रामतीर्थ’ येथील चरकांना नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळीची झाडे दिल्याचाही त्यात उल्लेख आहे. हे रामतीर्थ परशुरामाच्या नावाचे असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

‘शोर्पारग’ हे रूप नावाच्या इतिहासात कळीचे ठरते. त्यातील ‘श’ व ‘र्प’ हे संस्कृतचे, तर ‘ओ’ व ‘ग’ हे प्राकृतचे वैशिष्ट्य होय. लेखाची भाषा संस्कृत व प्राकृत यांचे मिश्रण असल्याने नावाचे रूपही तसेच संमिश्र झाले आहे. बोलीतील उच्चार ओकाराचा होता आणि लेखनिकाला संस्कृत रूप ठाऊक होते, अशा दोन्ही गोष्टी या एका शब्दावरून सिद्ध होतात.

ध्वनिपरिवर्तनाचा क्रम : शूर्पारकापासून सोपाऱ्यापर्यंतचे परिवर्तन मराठीच्या सर्वसाधारण ध्वनिनियमांनुसार झाले आहे. संस्कृत ‘श’ चा महाराष्ट्री प्राकृतात ‘स’ होतो आणि ‘र्प’ या जोडाक्षरातील व्यंजनांचे समीकरण होऊन ‘प्प’ होतो. त्यामुळे शूर्पचे सुप्प व पुढे मराठीत सूप झाले, त्याचप्रमाणे शूर्पारकाचे सुप्पारक झाले. जोडाक्षरापूर्वीच्या उकाराचा ओकार होणे ही प्राकृतातील परिचित प्रवृत्ती असून तुण्ड–तोंड, पुस्तक–पोथी, मुस्ता–मोथा ही तिची मराठीतील उदाहरणे होत. याच रीतीने सुप्पारकाचे सोप्पारक झाले. जैन प्राकृत ग्रंथांत ‘सोप्पारय’ हे रूप येते. इ. स. ७७९ च्या सुमारास उद्द्योतनसूरीने रचलेल्या कुवलयमाला या ग्रंथात सोप्पारयातील देशोदेशीच्या व्यापाऱ्यांच्या मेळाव्याचे वर्णन आहे. सातवाहनकालीन ब्राह्मी लेखांत द्वित्त व्यंजन एकेरीच लिहिण्याचा प्रघात असल्यामुळे तेथील ‘सोपारक’ याचा उच्चारही सोप्पारक असाच असावा.

अन्त्य ‘अक’ मधील ‘क’ चा प्रथम ‘ग’ व नंतर लोप होऊन उरलेल्या दोन स्वरांचा ‘आ’ झाला. घोटक–घोडा हे याचे नेहमीचे उदाहरण होय. नपुंसकलिंगी रूपात याच प्रत्ययाचा एकार होतो, जसे स्थानक–ठाणे. म्हणून मराठी लेखनात सोपारा या पुल्लिंगी रूपाबरोबर ‘सोपारे’ हे रूपही आढळते. ‘सोपाऱ्यात’, ‘सोपाऱ्याचा’ अशी सामान्यरूपे मराठीत सहज होतात, त्यावरूनही हे नाव ग्रंथांतून घेतलेले नसून पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिलेले आहे, हे दिसून येते.

मूळ रूपाचा वाद : शूर्पारकापासून सोपारा हा क्रम नियमबद्ध असला, तरी शूर्पारक हेच मूळ नाव होते, असे त्यावरून निश्चितपणे म्हणता येत नाही. ध्वनिनियम उलट दिशेनेही वापरता येतात. बोलीतील सुप्पारक हे नाव ऐकून, सुप्प म्हणजे शूर्प हे ज्ञात असलेल्या पंडिताने त्याचे शूर्पारक असे संस्कृतीकरण केले असणे शक्य आहे. आर्यशूराने त्याच नावाचे सुपारग केले, ही गोष्ट येथे बोलकी आहे. एकाच बोलीरूपाची दोन भिन्न संस्कृत रूपे तयार होतात, तेव्हा निदान त्यांपैकी एक तरी नंतर बनविलेले असते. उत्तरभाग ‘आरक’ याचा संस्कृतात नीट अर्थ लागत नाही, ही बाबही संस्कृतीकरणाच्या पक्षाला पोषक आहे. याउलट, महाभारतातील उल्लेखांची प्राचीनता व संस्कृत परंपरेतील रूपाचे सातत्य ही शूर्पारक मूळ मानणाऱ्यांच्या बाजूची प्रमाणे होत. कोकणातील अनेक जुनी स्थलनामे संस्कृतपूर्व स्थानिक भाषांतून आलेली असण्याचा संभव ध्यानी घेता हा प्रश्न खुला ठेवणेच उचित ठरते.

ग्रीक उल्लेख : इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझाच्या (भडोच) दक्षिणेकडील स्थानिक बंदरांत सुप्पारा व कल्लिएना (कल्याण) यांची नावे एकापाठोपाठ दिलेली आहेत. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी यानेही सुप्पाराचा निर्देश केला आहे. ग्रीकांनी ‘प’ चे द्वित्त लिहिले, परंतु ‘र्प’ मधील रेफ लिहिला नाही. संस्कृत पंडिताकडून नव्हे, तर बंदरावरील नावाडी व व्यापारी यांच्याकडून हे नाव त्यांच्या कानी पडले, असा याचा अर्थ होतो. ब्राह्मी लेखांत न दिसणारे द्वित्त ग्रीक लिपीने जतन करून ठेवले, हा या परकीय साक्षीचा मोठा लाभ होय.

ओफीरचा प्रश्न : हिब्रू बायबलमध्ये सॉलोमन राजाची जहाजे ओफीर नावाच्या देशाहून सोने व मौल्यवान लाकूड आणीत, असे वर्णन आहे. बायबलच्या सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात या नावाची सोफिर, सोफिरा यांसारखी सकारादी रूपे येतात. इजिप्तमधील कॉप्टिक भाषेत सोफिर हे हिंदुस्थानचे नाव होते. यावरून ओफीर म्हणजेच सोपारा, असे मत एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी मांडले आणि ते पुढे लोकप्रिय झाले.

या मतासमोर गंभीर अडचणी आहेत. आरंभीचा सकार मूळ हिब्रू नावात नसून तो केवळ ग्रीक भाषांतरात आहे. हे भाषांतर इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियात झाले, तेव्हा तेथील लोकांना हिंदुस्थानच्या किनाऱ्याची काही माहिती होऊ लागली होती. त्यामुळे परिचित भारतीय नावाचा परिणाम होऊन भाषांतरकारांनी ओफीरचे सोफिर केले असण्याचा संभव नाकारता येत नाही. तसे असल्यास या रूपावरून भाषांतरकारांच्या काळाविषयी काही कळते, सॉलोमनच्या काळाविषयी नव्हे. शिवाय सॉलोमनचा काळ इ. स. पू. दहावे शतक मानला जातो, तर सोपाऱ्याच्या नागरी अस्तित्वाचा निश्चित पुरावा इ. स. पू. तिसऱ्या शतकापलीकडे जात नाही. ओफीर हे अरबस्तानात किंवा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असावे, असे मानणारे अभ्यासकही पुष्कळ आहेत. सारांश, नावातील साम्य लक्षणीय असले, तरी ओफीर व सोपारा यांचे ऐक्य सिद्ध झालेले नाही.

केवळ नावाच्या साम्यावर विसंबल्यास कसा घोटाळा होतो, याचे आणखी एक उदाहरण देता येईल. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने कल्लियानापाठोपाठ सिबोर या बंदराचे नाव दिले आहे. ते ऐकण्यास सोपाऱ्याजवळचे वाटते. तथापि ते अरबांचे सैमूर म्हणजे चौल होय, असे सामान्यतः मानले जाते.

अरबी व लॅटिन उल्लेख : दहाव्या शतकात या किनाऱ्यावर येऊन गेलेला अल् मसूदी याने सैमूर (चौल), सुबारा व ताना (ठाणे) येथे लारी भाषा बोलली जाते, असे नमूद केले आहे. इस्तख्री, इब्न हौकल व बाराव्या शतकातील अल् इद्रीसी यांनीही सुबाराचा उल्लेख केला आहे. अरबी वर्णमालेत ‘प’ हा वर्ण नसल्याने परकीय नावातील ‘प’ चा ‘ब’ किंवा ‘फ’ होतो. पारसचे फारस झाले, ते याच कारणाने. तेव्हा ‘सुबारा’ हे वेगळे नाव नसून सोपारा या उच्चाराचे अरबी लेखन होय. अरबी रूपात अन्त्य ‘क’ चा मागमूसही नाही.

याच काळात उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या दानपत्रांत मात्र शूर्पारक हेच रूप कायम होते. अनंतदेवाच्या शके १०१६ (इ. स. १०९४) च्या ताम्रपटात श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली या बंदरांची नावे आहेत. बाराव्या शतकात कोकणचा राजा अपरादित्य याचा तेजकंठ हा दूत काश्मीरमधील विद्वत्सभेस उपस्थित असल्याचा उल्लेख मंखाच्या श्रीकंठचरित या काव्यात येतो. राजदरबारी ज्याला शूर्पारक म्हणत, त्यालाच बंदरावरचा खलाशी सोपारा म्हणत असे. लेखनातील व बोलण्यातील या दोन रूपांचा प्रवाह सु. हजार वर्षे समांतर वाहत राहिला.

इ. स. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. त्यांचे सहकारी जॉर्डनस यांनी त्यांचे देह ‘सुपेरा’ येथे नेऊन पुरले, असे लॅटिन पत्रव्यवहारावरून कळते. पुढे ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी येथून नेल्या. यूरोपीय लेखनात सोपाऱ्याचा हा एक ठळक मध्ययुगीन उल्लेख होय.

परकीय नावांची तुलना : परकीय लोक एखाद्या नगराचे नाव दोन प्रकारे स्वीकारतात. एक तर मूळ नाव आपल्या उच्चारानुसार वळवून घेतात. रोमनांच्या ‘कोलोनिया’ या नगराचे जर्मनमध्ये क्योल्न व फ्रेंचमार्फत इंग्रजीत कलोन झाले, ते याचे उदाहरण. किंवा मूळ नाव बाजूला सारून स्वतःचे नाव देतात. प्राचीन नॉर्स लोक कॉन्स्टँटिनोपलला ‘मिक्लागार्ड’ म्हणजे मोठे नगर म्हणत, ते या दुसऱ्या प्रकारचे होय. सोपाऱ्याच्या बाबतीत सर्व परकीयांनी पहिलाच मार्ग अनुसरलेला दिसतो.

शेजारच्या वसईशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. इ. स. १५३४ मध्ये वसई गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्याकडून पोर्तुगीजांकडे आली व त्यांनी तिचे ‘बसाईं’ केले. इंग्रजांनी त्यावरून ‘बसीन’ हे रूप घेतले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई जिंकल्यानंतर तिला ‘बाजीपूर’ असे नाव देण्यात आले, परंतु ते रूढ झाले नाही. ३१ डिसेंबर १८०२ चा पेशवे व इंग्रज यांच्यातील तह इंग्रजी कागदपत्रांत बसीनचा तह म्हणून प्रसिद्ध झाला. रेल्वे स्थानकही दीर्घकाळ ‘बसीन रोड’ होते व नंतर ते ‘वसई रोड’ झाले. वसईवर परकीयांचे राज्य होते, म्हणून त्यांचे रूप दप्तरात शिरून स्थिरावले. सोपाऱ्यास परकीय आले ते मुख्यतः व्यापारासाठी. त्यांची रूपे त्यांच्या ग्रंथांतच राहिली. दोन्ही ठिकाणी लोकांच्या बोलण्यातील नाव मात्र टिकून राहिले.

नाव व पुरातत्त्व : ग्रंथांतील शूर्पारक म्हणजे वसई तालुक्यातील सोपारा, हे समीकरण प्रथम मुख्यतः नावाच्या आधारे मांडले गेले. त्याला प्रत्यक्ष पुराव्याची जोड मिळाली ती १८८२ मध्ये. त्या वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन केले, तेव्हा ते टेकाड म्हणजे विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे आढळले. त्याच्या मध्यभागी दगडी करंडक होता. त्यात तांब्याचा करंडक, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे, सोन्याची फुले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे, तसेच सात मानुषी बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ लहान धातुमूर्ती होत्या. या मूर्ती नंतरच्या काळातील असल्याने स्तूप पुढे पुन्हा उघडला गेला असावा. याच वर्षी भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या प्रस्तरलेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. त्यामुळे इ. स. पू. तिसऱ्या शतकात सोपारा हे मौर्य साम्राज्यातील महत्त्वाचे केंद्र होते, हे निर्विवाद झाले. लोकांच्या तोंडी टिकलेले नाव नसते, तर हे टेकाड कोणत्या नगराचे, हे ठरविणे कठीण गेले असते.

आधुनिक काळ : खाडी गाळाने भरत गेली, ठाणे व नंतर वसई या बंदरांचे महत्त्व वाढले आणि सोपाऱ्याचा समुद्री व्यापार मावळला. रेल्वे स्थानकाला नाळे व सोपारा या दोन गावांच्या नावांवरून ‘नालासोपारा’ हे जोडनाव मिळाले. मुंबईच्या वाढीबरोबर स्थानकाभोवती मोठी वस्ती झाली व तेच नाव शहराचेही ठरले. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व काही गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या नावात वसई व विरार ही नावे आली, सोपारा आले नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला.

स्तूपाचे अवशेष संरक्षित असले, तरी प्राचीन नगराचा बहुतेक भाग आजच्या वस्तीखाली दडलेला आहे व तेथे विस्तृत उत्खनन करणे दिवसेंदिवस दुष्कर होत आहे. अशा स्थितीत सोपारा हे नावच या नगराचा सर्वांत सहज उपलब्ध अवशेष ठरतो. ज्या नावाने नाणेघाटातील गोविंददासाने स्वतःची ओळख कोरून ठेवली, त्याच नावाने आजही रोज लक्षावधी प्रवासी या स्थानकाची ये-जा करतात.